३७ चे ४६ कसे झाले

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, कारणही सविस्तर लिहिलंत. आमच्या गॅरेजमध्ये कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) धुऊन गाडीच्या एसीचं काम केल्यापासून डिस्प्लेवर बाहेरचं तापमान ४६ दिसतंय, मोबाईलवर ३७. एसी ऑटोवर ठेवला की ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, सारखा घोंघावतोय. विचारायला आलात तर पोरानं "असंच असतंय, नाहीतर सेन्सर बदला" म्हणून वाटेला लावलं. गॅस कमी भरलाय, असा तुमचा संशय.

गॅसचा या आकड्याशी काही संबंध नाही. पण "असंच असतंय" हे उत्तरही अर्धवटच होतं.

बाहेरचं तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा थर्मिस्टर. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरच्या जाळीमागे, कंडेन्सरच्या पुढं, क्लिपवर बसवलेला असतो. काहींत आरशाच्या खालच्या बाजूला. तुमच्या गाडीत जाळीमागेच आहे. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर आकडा काढतो. कावळा नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की खालचं डांबर आणि इंजिनची धग त्याला लागणारच. म्हणून कॉम्प्युटर उभ्या गाडीत आकडा सहसा पटकन वर जाऊ देत नाही, गाडी पळाली आणि वारं लागलं की सुधारतो. मोबाईलचा आकडा तर डांबरावरचा नसतोच. त्यामुळं गावात चार-पाच अंशांचा फरक मी मनावर घेत नाही.

तुम्ही मात्र दोन गोष्टी लिहिल्यात, त्या मला खटकल्या. सकाळी गाडी काढताना आकडा बरोबर असतो, आणि एसी लावून ८० च्या स्पीडनं किणी टोलनाक्यापर्यंत गेलं तरी ४६ खाली येत नाही. सकाळी बरोबर म्हणजे सेन्सर चांगला आहे. वायर तुटली असती तर रेझिस्टन्स एकदम वाढून उणे ४० नाहीतर नुसत्या रेघा दिसल्या असत्या. मग एसी चालू झाल्यावरच त्याला कुठली तरी धग लागतेय.

रविवारी जॉबकार्ड काढलं आणि काम केलेल्या पोराला समोर बसवलं. जरा आढेवेढे घेऊन बोलला: बंपर उतरवताना सेन्सरची क्लिप तुटली, म्हणून टाय मारून शेजारच्या पाईपला बांधला. तो पाईप कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरला येणारा असणार. एसी चालू असताना त्याला हात लावून बघा म्हणणार नाही, पोळेल. क्लायमेट कंट्रोलला, म्हणजे ऑटोवरच्या एसीला, वाटतं बाहेर ४६ आहे, म्हणून तो ब्लोअर पळवतो. गाडी उघडल्याशिवाय छातीठोक सांगत नाही, पण नव्वद टक्के हेच.

चूक आमची. क्लिप तुटली हे त्याच दिवशी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. ती दहा-वीस रुपयांची वस्तू, आणि पोरगं तुम्हाला अख्खा सेन्सर घ्यायला सांगत होतं, याची मला जास्त लाज वाटली. नवीन क्लिप मागवून ठेवलीय. पैसे लागणार नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यानंतर किणीपर्यंत मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.

फक्त येताना एसी लावूनच या. चढलेला आकडा मला बघायचाय.