फ्लोरिडात मत परत मिळवताना

तुरुंगातून सुटलात? अभिनंदन! आता फ्लोरिडात मत द्यायचंय म्हणता. द्या की. 2018 च्या नोव्हेंबरात तिथल्या जवळपास 65 टक्के मतदारांनीच राज्यघटनेच्या ‘दुरुस्ती क्रमांक 4’ला कौल दिलाय: शिक्षा भोगून झाली की मताधिकार परत, खून आणि लैंगिक गुन्हे तेवढे सोडून. सुमारे 14 लाख माणसांवरची जन्माची बंदी एका दिवसात उठली. पेढे मात्र जरा थांबून वाटा.

कारण शिक्षा अजून संपलेली नाही. 2019 मध्ये आमदारांनी कायदा करून ठेवलाय, की दंड, भरपाई, कोर्टाची फी, सगळं पै न् पै चुकतं झाल्याखेरीज मत नाही. तेव्हा आधी थकबाकी विचारून घ्या. कुणाला विचारायची? तीच तर गंमत आहे. राज्यभराचा हिशेब एका ठिकाणी मिळेल अशी खिडकीच त्यांनी ठेवली नाही. काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, 67, प्रत्येकीचं दप्तर निराळं, आणि तुमची केस वीस वर्षांपूर्वीची. कागद सापडलेच, तर रक्कम वसुलीवाल्यांकडे गेलेली असू शकते; त्यांना वर 40 टक्क्यांपर्यंत आपला आकार लावायची कायद्याने मुभा आहे. कोर्टात जाऊ म्हणता? जाऊन झालंय. 2020 च्या मे महिन्यात एका न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, सप्टेंबरात वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. मग एखादा धनिक गाठा! अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्याच वर्षी अशा लोकांच्या थकबाकीसाठी दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी एफबीआयकडे चौकशीची मागणी केली.

बरं, मतदार कार्ड घरी आलं, तर हुरळून जाऊ नका. ऑगस्ट 2022 मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी बेकायदा मतदानाबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या 20 जणांवर कारवाई जाहीर केली. त्यातल्या कित्येकांना कार्ड सरकारनेच पाठवलं होतं. पोलिसांच्या कॅमेऱ्यात त्यांचे चेहरे बघा: दारात बेड्या पडताहेत आणि आपण केलं काय, हेच कळत नाहीये. यावर सरकारने 2023 मध्ये इलाजही केला. यादी तपासून मगच कार्ड द्यावं, असला आडवळणी इलाज नव्हे. हे कार्ड म्हणजे मत देण्याच्या पात्रतेचा दाखला नाही, असं कार्डावरच छापायचं ठरवलं.

हे सगळं झेपणार नसेल, तर पुढच्या खेपेला दोषी ठरण्याचं गाव नीट निवडा. न्यूयॉर्क उत्तम. शिक्षा परराज्यातली असली की फ्लोरिडा तिथला नियम मानतं, आणि न्यूयॉर्कात तुरुंगाबाहेर असलेल्याला मत देता येतं. 2024 च्या मे महिन्यात तिथे 34 आरोपांत दोषी ठरलेले फ्लोरिडातल्या पाम बीचचे एक रहिवासी नोव्हेंबरात आपल्या केंद्रावर गेले, मत दिलं, हसतमुखाने बाहेर आले. कुणी पावती मागितली नाही. मतपत्रिकेवर नावही त्यांचंच होतं.