अपंगत्व पत्करू इच्छिणाऱ्या जवानांसाठी काही सूचना

आपण सैन्यदलात असाल आणि सेवाकाळात अपंग होण्याचा योग दिसत असेल, तर स्थळ, वेळ आणि साक्षीदार आधीच ठरवून ठेवावेत, कारण अपंगत्व पेन्शनचा दावा तपासणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळासमोर जखमेपेक्षा तिचे कागद अधिक बोलतात.

पाय मोडायचाच असेल तर तो ड्यूटीवर मोडावा. रजेवर गावी आलेल्या जवानाचा पाय उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडला, तर त्या पायाचा लष्करी कर्तव्याशी संबंध काय, असे विचारले जाते. म्हणून पडण्यापूर्वी जवळपास एखादा अधिकारी आहे ना, हे पाहून घ्यावे आणि शक्यतो शुद्ध हरपण्याआधीच आयएएफवाय-2006 हा इजा-अहवाल भरून त्यावर कमांडिंग ऑफिसरची सही घ्यावी.

आजारी पडायचे असल्यास सियाचीन गाठावे. पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, रक्तदाब वाढला, तर ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असा शेरा पडण्याची शक्यता मोठी. छावणीच्या फाटकातून आत येताच सीमेवरची मागची सारी वर्षे धमन्यांनी विसरून जावीत, अशी अपेक्षा असावी. भरतीच्या वेळी निरोगी असलेल्या जवानाला पुढे जडलेला आजार सेवेमुळेच जडला असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले खरे. पण न्यायालय दिल्लीत असते आणि मंडळ इस्पितळात बसते.

टक्केवारीकडेही लक्ष असू द्यावे. युद्धाबाहेरच्या सेवेत शंभर टक्के निकामी झालेल्याला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतका अपंगत्वाचा हिस्सा मिळतो, आणि निवृत्तीच्या वेळी 20 टक्क्यांच्या आत असलेल्याला तोही मिळत नाही. गुडघा 19 टक्क्यांवर अडला असेल, तर आणखी थोडे धावून घ्यावे. मात्र दुखावलेला गुडघा घेऊन निवृत्तीपर्यंत सेवा करण्याची निष्ठा दाखवू नये, कारण 2019 च्या परिपत्रकाने अपंगत्व पेन्शनवरील प्राप्तिकराची सूट अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांपुरतीच ठेवली. नेटाने टिकून राहिलेल्याने कर भरावा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेट असताना तर पाठीचा कणा मुळीच मोडू नये, कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीच्या, आधीचा कणा माजी सैनिकाचा धरला जात नाही आणि त्याला पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम मिळते.

राज्याकडून घरपट्टी माफ होते. त्यासाठी आपण सैन्यात होतो, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्याने ग्रामपंचायतीला पटवून द्यावे, मग तिच्या पटांगणात दर 26 जानेवारीला आपला नारळ देऊन सत्कार होत असला तरी.

एवढे करूनही दावा फेटाळला गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जावे. तेथे आपण जिंकलात, तर सरकार वरच्या न्यायालयात जाऊ शकते. त्या काळात हयात राहणे ही अर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी असून, ती पार पाडल्याचा दाखला त्याने दरवर्षी वेळेत सादर करावा.