‘ब्रिटनचा कान्होजी’ आणि त्याची नाणी

ब्रेक्झिटच्या धामधुमीपासून एक मजकूर फिरतोय. दर काही महिन्यांनी नवं शीर्षक लावून तो परत येतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: तिसऱ्या शतकात कॅरॉसियस नावाच्या ब्रिटिश दर्यावर्दीने रोमविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं, रोमन फौजांना बेटावरून हाकललं, आणि शेवटी रोमने फितुरी करवून त्याचा काटा काढला. मराठीत आलेल्या प्रतीत तर शेपटाला ‘ब्रिटनचा कान्होजी आंग्रे’ ही पदवीही लावलेली आहे.

माणूस खरा, बंडही खरं. बाकी मजकुरात मात्र वाक्यागणिक घोळ आहे.

आधी ‘ब्रिटिश’ हे विशेषण घेऊ. कॅरॉसियस मेनापी जमातीचा, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या किनारपट्टीकडचा. साध्या घरातला, तरुणपणी पगारावर जहाजाचं सुकाणू धरलेला. २८६ साली गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स) बागाउदी बंडखोरांच्या बंदोबस्तात तो सम्राट मॅक्सिमियनच्या नजरेत भरला. त्याला ब्रिटिश केलं ते बाराव्या शतकातल्या मॉनमथच्या जेफ्री या बखरकाराने. याच जेफ्रीने आस्क्लेपियोडोटस या रोमन सेनापतीला कॉर्नवॉलचा ड्यूक करून टाकलंय. आता बोला!

‘स्वातंत्र्यासाठी बंड’ हा दावा जरा सावकाश बघायला हवा. कॅरॉसियसकडे बूलोनच्या, म्हणजे ब्रिटनसमोरच्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या बंदराच्या, आरमाराची जबाबदारी होती. फ्रँक आणि सॅक्सन चाचे किनाऱ्यावर धाडी घालत, त्यांना आवरायचं. थोड्याच दिवसांत तक्रार वर गेली की हा चाच्यांना जाताना अडवतच नाही. लूट भरून परतताना गाठतो, आणि तो माल ना लोकांना परत मिळतो, ना सम्राटाच्या खजिन्यात पोचतो. कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. आता हेही सांगितलं पाहिजे की हा आरोप त्याच्या विरोधकांच्या बाजूने आलेला आहे. त्याच्या बाजूने लिहिलेलं एक पानही उरलेलं नाही. पण पुढच्या घटनेबद्दल फारसा वाद नाही: मॅक्सिमियनने त्याला ठार मारायचा हुकूम काढला, आणि त्याने मान पुढे करण्याऐवजी अंगावर सम्राटाचा जांभळा झगा चढवला. ब्रिटन त्याच्या हाती आलं ते या भानगडीत.

त्या काळात हे काही जगावेगळं नव्हतं. सरहद्दीवर सैन्य असे, सैन्याला पगार देणारा सेनापती असे, आणि रोम लांब असे. २६० साली पोस्टुमसने ऱ्हाइनच्या सरहद्दीवर स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं आणि गॉल, ब्रिटन, स्पेन असं वेगळं राज्य थाटलं. ते २७४ पर्यंत चाललं. मॅक्सिमियनला ज्याने जोडीचा सम्राट केलं, त्या थोरल्या सम्राट डायोक्लेशियनलाही २८४ साली सैन्यानेच उचलून गादीवर बसवलं होतं. जिंकला तो सम्राट, हरला तो बंडखोर, एवढाच हिशेब.

शिवाय स्वातंत्र्ययुद्ध ब्रिटनचं असेल, तर खाडीपलीकडचं बूलोन त्याने का धरून ठेवलं? तिकडच्याच रुआं शहरात स्वतःची नाणी का पाडली?

नाण्यांवरून आठवलं. या मजकुरासोबत हमखास एक फोटो असतो: एका नाण्यावर एक स्त्री सम्राटाचा हात हातात घेते आहे, आणि खाली ओळ, ‘ब्रिटानिया आपल्या मुक्तिदात्याचं स्वागत करताना’. ती स्त्री ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, असावी, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण काठावरची अक्षरं कोणी वाचत नाही. ‘एक्स्पेक्टाटे वेनी’, म्हणजे ‘ये, तुझीच वाट पाहत होतो’. हे शब्द व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या ओळीवरून घेतलेले आहेत. व्हर्जिल म्हणजे रोमच्या शाळेत पोरं घोकत तो कवी. रोमला लाथ मारणारा माणूस रोमचीच कविता नाण्यावर कशाला कोरेल?

यापुढची गंमत तर आणखी बारीक आहे. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर, चित्राच्या खाली, जिथे एरवी टांकसाळीची खूण असते तिथे ‘आर एस आर’ अशी तीन अक्षरं आहेत. हे कुठल्या तरी खजिना-अधिकाऱ्याच्या हुद्द्याचं लघुरूप असावं, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. एका पदकावर तशीच न उलगडणारी सहा अक्षरं होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी एका इंग्रज अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवली आणि कोडं सुटलं: व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या लागोपाठच्या दोन ओळींची ती आद्याक्षरं. ‘रेडेउंट सॅटर्निया रेग्ना’, सॅटर्नचं, म्हणजे सुवर्णयुगाच्या देवाचं, राज्य परत येतंय. आणि पुढची ओळ, स्वर्गातून नवी पिढी उतरते आहे. रोमचं सुवर्णयुग मी आणतोय, असा त्याचा अर्थ. ब्रिटनचं नव्हे, रोमचं.

आणि ही नाणी खरोखरच खणखणीत चांदीची होती. युरोप खंडावरची सरकारी ‘चांदीची’ नाणी तेव्हा तांब्यावर मुलामा दिल्यासारखी झाली होती. डायोक्लेशियनने चांगली चांदी पुन्हा पाडली ती कॅरॉसियसच्या मागून. सैनिकाच्या तळहातावर पडलेलं असं नाणं दहा भाषणांचं काम करतं.

पण माझं आवडतं नाणं तिसरंच आहे. त्यावर तीन चेहरे एकाला एक लागून: डायोक्लेशियन, मॅक्सिमियन आणि स्वतः कॅरॉसियस. भोवती अक्षरं: ‘कॅरॉसियस आणि त्याचे भाऊ’. मॅक्सिमियनची आरमारी मोहीम फसल्यावरची ही चाल. दुसऱ्या बाजूच्या मजकुरात ऑगस्टस या पदवीच्या लघुरूपात शेवटचं अक्षर तीनदा छापलंय, म्हणजे सम्राट तीन. ज्याने आपला गळा कापायचा हुकूम काढला, त्याला हा भाऊ म्हणतोय! त्या दोघा ‘भावांनी’ मात्र त्याच्या नावाचं एकही नाणं पाडलं नाही. हा काही घर सोडून निघालेला माणूस नव्हे; न बोलावता पंगतीत पाट मांडून बसलेला पाहुणा आहे.

‘रोमन फौजा हाकलल्या’ यावर फार शाई खर्चायला नको. त्याचं सैन्य रोमनच होतं. ब्रिटनमधल्या दुसऱ्या आणि विसाव्या लिजनची (लिजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी पलटण) नावं त्याच्या नाण्यांवर आहेत, शिवाय खंडावरच्या लिजनांचीही आहेत.

राहिली फितुरी. कॅरॉसियसला मारलं अलेक्टसने. तो त्याचाच माणूस, हिशेबाचं खातं सांभाळणारा. २९३ साली नवा सीझर, म्हणजे धाकटा सम्राट, कॉन्स्टँटियस याने बूलोनच्या बंदराच्या तोंडावर बांध घालून शहर घेतलं, धन्याची पत ढासळली, आणि कारभाऱ्याने डाव साधला. हे कारस्थान रोमने रचलं असतं, तर अलेक्टसला बक्षीस मिळायला हवं होतं. तो तर स्वतःच सम्राट बनून तीन वर्षं ब्रिटनवर बसला. २९६ साली आस्क्लेपियोडोटसचा ताफा धुक्यात वाइट बेटाजवळच्या पहाऱ्याला चुकवून किनाऱ्याला लागला. उतरल्यावर त्याने आपलीच जहाजं जाळली आणि अलेक्टसला लढाईत गाठलं. अलेक्टसचं प्रेत सापडलं तेव्हा अंगावर राजचिन्हं नव्हती; ओळख लागू नये म्हणून त्याने ती काढून टाकली होती, असं जेत्यांचे भाट सांगतात. त्या भाटांवरही आंधळा विश्वास नको. कॉन्स्टँटियसच्या सोन्याच्या पदकावर लंडन गुडघे टेकून त्याचं स्वागत करतंय. स्वागताची चित्रं दोन्ही बाजू काढत होत्या.

कान्होजींची उपमा का सुचते, हे कळतं. दोघांचं बळ आरमारात, आणि दोघांनाही शत्रूंनी चाचा म्हटलं. पण साम्य इथेच संपतं. कान्होजी सरखेल होते, छत्रपतींच्या आरमाराचे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांशी बोलणी करून ते शाहूंच्या बाजूला आले. दिल्लीच्या बादशहाला भाऊ म्हणवत त्याच्या शेजारी बसायची हौस त्यांना नव्हती.

उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइलजवळ १८९४ साली नदीपात्रात एक मैलाचा दगड सापडला. त्याच्या एका टोकाला कॅरॉसियसचं नाव कोरलंय, सगळ्या बिरुदांसकट, ‘अजिंक्य’ धरून. पुढे कोणी तरी तो दगड उलटा करून, ते नाव मातीत जाईल असा पुरला आणि वर आलेल्या टोकावर नवं नाव कोरलं: कॉन्स्टँटाइन. हा कॉन्स्टँटियसचा मुलगा. ३०६ साली यॉर्कमध्ये, त्याच सरहद्दीवरच्या प्रांतात, सैन्याने त्याला सम्राट म्हणून उचललं. ३१२ साली तो रोममध्ये शिरला. त्याला ब्रिटनचा स्वातंत्र्यसैनिक म्हणणारा मजकूर मला अजून कोणी पाठवलेला नाही.