सरासरी ३, आणि ३ देणारं कुणीच नाही

"सर, 'तुझी मदत'चा मीन, म्हणजे सरासरी, ३ आलाय. म्हणजे लोक न्यूट्रल आहेत ना?"

एमएच्या एका मुलीचा प्रश्न. विषय झकास निवडलाय तिने: 'मी तुला मदत करतो' आणि 'मी तुझी मदत करतो' असल्या जोड्या लोकांना कितपत मराठी वाटतात? १ म्हणजे 'असं कुणी बोलत नाही', ५ म्हणजे 'मी असंच बोलतो'. म्हटलं, जरा कॉलम खाली ओढ. १, ५, ५, १, १, ५... निम्मे हिंदीच्या नावाने कपाळाला हात लावणारे, निम्म्यांना यात खटकण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. आणि सरासरी म्हणते, सगळे तटस्थ!

हे आकडे म्हणजे पायऱ्या आहेत, आणि त्या सारख्या उंचीच्या आहेत असं कुणी सांगितलं? अशी १ ते ५ची लायकर्टची पट्टी १९३२ची (स्वतः गृहस्थ 'लिकर्ट' म्हणायचे, पण आता कोण ऐकतंय). संख्याशास्त्रज्ञ पीटर मॅक्युला यांनी १९८०मध्ये क्रमवार उत्तरांची मॉडेलं नीट मांडून ठेवली: मनात एक सलग पट्टी धरा, तिच्यावर पाच पर्यायांसाठी चार रेघा. रेघा कुठे पडतात ते डेटा ठरवेल. तरी अजून "टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) टाक, सगळे तेच करतात" हा सल्ला चालूच. मला याचा खरंच राग येतो.

त्यात माणसंही सारखी नसतात. निबंधाला दहापैकी सहाच्या वर न जाणारे मास्तर आठवा. तो हात आखडता असणं मॉडेलमधला रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येकाची वेगळी सुरुवातीची पातळी, पकडतो, वाक्यावाक्यातला फरकही तसाच. पण इथे तेवढ्याने भागत नाही. 'तुला'ला जवळजवळ सगळ्यांनीच ५ दिलेत, घसरगुंडी फक्त 'तुझी'वर. तेव्हा कोण किती घसरतो, तो रँडम स्लोप हवा. तिचा अख्खा प्रबंध त्या स्लोपच्या व्हेरियन्समध्ये, म्हणजे घसरण माणसागणिक किती बदलते त्यात, आहे! अर्थात प्रत्येकाला दोन्ही रचनांची सात-आठ वाक्यं दिली असतील तरच. तिने दिली होती, शहाणी आहे. शिवाय मॉडेल हे स्लोप घंटेच्या आकारात पसरलेत असं धरून चालतं, दोन तट पडलेत हे आपणहून सांगत नाही. त्यासाठी साधा बारचार्ट काढायचाच.

आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधलं सीएलएमएम (असली मॉडेलं बसवणारं फंक्शन) 'तुला'च्या त्या ५-५-५वर अडखळलं, म्हणून तिला ब्रम्सवर, म्हणजे आरमधल्याच दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या पॅकेजवर पाठवलं. रात्री अकराला मेसेज:

"सर, लॅपटॉप चार तास नुसता तापतोय. प्लीज माझी मदत करा."