येऊरच्या गारव्याचा मेसेज : थोडा खुलासा

‘घोडबंदर रोडला येऊरच्या जंगलामुळे मुंबईपेक्षा पाच अंश कमी तापमान, आणि घर निम्म्या किमतीत’ हा मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला. मी ठाण्यात याच रोडवर, कासारवडवलीला राहतो, म्हणून लिहितो.

जानेवारीची पहाट म्हणाल तर मान्य. डोंगरपायथ्याला तेव्हा खरंच शाल लागते. पण मेमधल्या दुपारचं काय? मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, तिथे खारा वारा लवकर आत येतो आणि पारा फार चढू देत नाही. ठाण्यापर्यंत तो उशिरा आणि दमून पोचतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी ठाणं कुलाब्यापेक्षा बहुधा तापलेलंच असतं. आमच्या गॅलरीच्या रेलिंगला दुपारी दोन वाजता हात लावून बघा. चटका बसतो. येऊर समोर दिसतंय, तरीही!

आता किंमत. घर मुंबईपेक्षा स्वस्त पडतं, हे खरं. पण ‘निम्मी’ म्हणणाऱ्याने बहुतेक इकडचा सुपर बिल्टअपचा (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून मोजलेल्या जागेचा) दर तिकडच्या कार्पेटच्या (घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेच्या) दराशी लावलाय. घरबांधणी व्यवहारांसाठीच्या २०१६च्या रेरा कायद्याने व्यवहार कार्पेटवरच करायचा असतो. तुलनाही तशीच करा. शिवाय मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, ठाण्यात ७. म्हणजे ८० लाखांच्या घरामागे इकडे ८० हजार जास्त. (घर बाईच्या नावावर असेल तर दोन्हीकडे एक टक्का सूट.) त्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे तास कुठल्याच मेसेजात धरलेले नसतात.