आधी भाषा, मग नाका

बेळगावच्या महामेळाव्याला निघालेल्या पुढाऱ्यांना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलं, की आमच्या घरच्या ग्रुपवर वाद ठरलेला. अशाच एका वादात पुण्यातल्या माझ्या थोरल्या चुलतभावाने लिहिलं, "युरोपात २९ देशांनी सीमा पुसून टाकल्या आणि तुमचं अजून बेळगाव-निपाणी चालूच. सोडा आता." खाली अंगठ्यांची रांग लागली. निपाणीच्या मावशीने काहीच लिहिलं नाही. त्या "सोडा आता"चा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

दादा, मी म्युनिकला राहतो म्हणून सांगतो. १४ जून १९८५ ला शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या त्या नाके उठवण्यासाठी. सीमा जिथल्या तिथे राहिल्या. प्रत्यक्ष नाके उठायला १९९५ उजाडलं. आणि ते कुणासाठी उठले, तेही बघ. आई-बाबांना इकडे आणायचं तर व्हिसासाठी माणशी ९० युरो फी, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, माझं हमीपत्र, बँकेचे कागद, बोटांचे ठसे. एवढं करून १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्या व्हिसावर डब्लिन नाही, लंडनही नाही.

माझ्याकडे इथला राहण्याचा परवाना आहे, त्यामुळे व्हिएन्नाला जायला मला वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही खिशात हवीत. डॉइचलांड-तिकिटावर, म्हणजे जर्मनीभर चालणाऱ्या महिन्याच्या पासावर, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, म्हणून आम्ही अधूनमधून रविवारी जातो. परतताना सीमेलगतच्या फ्रायलासिंग स्टेशनात जर्मन पोलीस चढतात. तात्पुरती म्हणून २०१५ मध्ये सुरू झालेली ही तपासणी अजून चालू आहे. एकदा समोरच्या बाकावर डोंगरात चालायचे बूट घातलेलं एक म्हातारं जोडपं होतं. पोलिसाने त्यांना नुसती मान हलवून नमस्कार केला आणि माझ्यापुढे हात केला. माझ्या पोराने मोठ्याने, जर्मनमध्ये विचारलं, "त्यांना का नाही विचारलं?" डबा गप्प झाला. पोलीस तरुण होता, कानापर्यंत लाल झाला. कार्डावरचा फोटो आणि माझा चेहरा त्याने दोनदा ताडून पाहिला आणि कार्ड परत दिलं.

कागलहून निपाणीला जाताना मला आजवर कुणी कागद मागितलेला नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या आरटीपीसीआरचा दाखला मागत होते, तेवढं सोडून. पण त्याच साथीत, २०२० मध्ये, इथेही कॉन्स्टान्झ आणि क्रॉइट्सलिंगेन या एकमेकांना चिकटलेल्या गावांमध्ये कुंपण घातलं होतं. जर्मनीतला मुलगा आणि स्वित्झर्लंडमधली मुलगी जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत.

युरोपातलं बेळगाव बघायचं असेल, तर ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा ब्रेनरचा घाट उतरून इटलीतल्या बोल्झानोला चल. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा जर्मन बोलणारा मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. पुढे १९६० च्या दशकात बॉम्बसुद्धा फुटले. ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला. त्यानुसार जर्मन बोलणाऱ्याला कचेरीत आणि कोर्टात आपली भाषा वापरता येते, पोरं जर्मन शाळेत शिकतात, सरकारी नोकरीला दोन्ही भाषा लागतात. १९९२ मध्ये वाद मिटल्याचं ऑस्ट्रियाने जाहीर केलं. ब्रेनरवरची तपासणी उठली १९९८ मध्ये. म्हणजे भाषेचा कायदा नाका उठण्याच्या २६ वर्षं आधीचा. आणि सीमा आजही तिथेच आहे, इटलीने तसूभर जमीन दिलेली नाही.

तू युरोपचा दाखला देतोस, तर असा सगळा दे. मावशीच्या शेताचा उतारा कानडीत येतो. तो वाचून घ्यायला ती शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारते आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवते. मराठीत कागद द्या, ही तिकडची जुनी मागणी. या सीमाभागासाठी महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला २००४ मध्ये. बोल्झानोतल्या म्हातारीला जे मिळालं ते मावशीला अजून मिळालेलं नाही, आणि सोडायचं मात्र तिनेच?

एक गोष्ट मी ग्रुपवर अजून सांगितलेली नाही. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मी भरून ठेवला आहे. जर्मनीला जून २०२४ पासून दुसरं नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. त्यामुळे निळा पासपोर्ट जाईल आणि मी ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, घरी येईन. मत देता येणार नाही. शेतजमीन विकत घेता येणार नाही, म्हणजे "घरालगतचं रान तूच घे" हा मावशीचा हट्टही संपला. तिला हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तरी अर्ज देणार आहे, कारण पोराला त्या डब्यात पुन्हा तो प्रश्न विचारायला लागू नये असं वाटतं. नवा पासपोर्ट दाखवला तरी हात आधी माझ्यापुढेच येईल, हेही मला कळतं.

हे समजल्यावर "आता तुझा काय संबंध?" असं तू विचारशील, याची मला खरोखर धास्ती आहे. माझी आई निपाणीत वाढली, दादा. मावशी आजही तिथेच राहते.