'इतर' निवडा आणि निवांत झोपा

मागच्या महिन्यात एमएस्सीचा अर्ज भरत होतो. 'पदवी कोणत्या विद्यापीठाची?' यावर क्लिक केलं तर लांबलचक यादी उघडली. तीनदा वरखाली केली, आमचं नाव नाही. तळाला 'इतर' होतं, तेच निवडलं. अकराव्या दिवशी नकार. त्यातून आलेलं शहाणपण तुम्हाला फुकट देतोय.

बाविसाव्या वर्षी कुणावर छाप पाडायची आहे, ते सतराव्या वर्षीच ठरवून टाका. घरची परिस्थिती, अंतर, फी असल्या क्षुल्लक गोष्टी मनात आणू नका.

शिफारसपत्र तुम्हाला ओळखणाऱ्या सरांचं नको, सगळे ज्यांना ओळखतात त्यांचं घ्या.

मार्कांचं मात्र जपून. नामांकित ठिकाणचे 7.2 म्हणजे 'तिथे कडक तपासतात'. आमच्याकडचे 9.1 म्हणजे 'तिथे मार्क वाटतात'. आणि आमच्याकडे 7.2 पडले तर? 'तिथेसुद्धा जमलं नाही!' छापा पडला की ते जिंकले, काटा पडला की आपण हरलो. बरं, हे नाव मोजतात कसं? क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या, विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत 'अकॅडेमिक रेप्युटेशन'ला वर्षानुवर्षं 40 टक्के वजन होतं, 2024च्या आवृत्तीपासून 30. म्हणजे काय, तर जगभरच्या प्राध्यापकांना विचारायचं, तुमच्या विषयात संशोधनाला चांगली विद्यापीठं कुठली? ते कानावर पडलेली नावं लिहिणार, ती वर चढणार, वर चढली की आणखी कानावर पडणार. त्यात मला ऑरगॅनिक केमिस्ट्री कुणी आणि कसं शिकवलं, हे कुठे आलं? आमच्या लॅबमधल्या एकुलत्या एक स्पेक्ट्रोफोटोमीटरचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं. त्यावर मी तीन महिने रीडिंग घेतली, प्रत्येक तीनदा, कारण पहिलं नेहमीच खोटं यायचं. ते मी एसओपीत, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधात लिहिलंय. वाचलं का कुणी?

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्या. काही ठिकाणी आता तिचे मार्क बघतही नाहीत, पण द्या.

जाऊ दे, नाही जमत हे सल्ले देणं. अहो निवड समितीवाले, तुम्हाला आमचं विद्यापीठ माहीत नाही यात आमचा काय गुन्हा? अभ्यासक्रम मागवा. वीस मिनिटं मुलाखत घ्या. दोन गणितं घाला. वेळ नाही म्हणता? परत न मिळणारी फी घ्यायला बरा वेळ होता! नावच बघायचं असेल तर पहिल्याच पानावर तसं छापा, आणि 'इतर' निवडलं की तिथेच अर्ज बंद करा. पुढची चौदा पानं कशाला भरून घेता?